मिशीची पैज

“तीन डाव. त्यात तुमच्या हातच्या चहाचा एक जरी कप मी तोंड वाकडं न करता संपवला, तर चारही मजले पातेलं वाजवत उतरेन आणि ओरडत जाईन, मी हरले म्हणून.” शेजारच्या बाईंनी चावीवाल्याच्या ओट्यावर पातेलं आपटलं. “नाहीतर तुमची मिशी उतरवायची.”

“मिशी घेऊन काय करणार?”

“उशीत भरेन.”

कपडे द्यायला आलेला इस्त्रीवाला दारातच साक्षीदार झाला. बाईंनी जन्मभर शाळेत शिकवलेलं. स्वतःची चूक कबूल केल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

समोरच्या इस्पितळात चावीवाल्याच्या बायकोच्या पोटाचं ऑपरेशन चाललं होतं. सकाळी तोही तिथेच होता. पण तासाभरात त्यानं बाकाचे स्क्रू आवळले, दाराची कडी खोलून मांडीवर घेतली. फोन करते म्हणून नर्सनं त्याला घरी पिटाळलं. बायको परतल्यावर दूध बंद, फक्त हलका हिरवा चहाच चालणार होता; तो करायला बाई त्याला शिकवत होत्या.

पहिल्यांदा त्यानं किटलीत पानं टाकून पाणी खळाखळा उकळलं. बाईंनी घोट घेतला आणि थेट मोरी गाठली.

“चहा आहे की गंज काढायचं औषध? पाणी उकळलं की उतरवा. वाफ मंदावू द्या. मग पानं, दोन मिनिटं, की गाळा. मध्ये हात लावायचा नाही.”

दुसऱ्यांदा पाण्याला त्यानं दम खाऊ दिला नाही. चारदा झाकण उचललं, सहादा फोन उचलला.

“न्हाव्याला सांगून ठेवू का?” इस्त्रीवाल्यानं विचारलं.

तिसऱ्यांदा तो स्वतःच्या हातांवर बसला. वाफ मंदावली. पानं पडली. फोन वाजला.

“हो. हो... शुद्धीवर? हो.” तो आतल्या खोलीत पलंगावर बसला, उठला, पुन्हा बसला. चहाची आठवण झाली तेव्हा पंधरा मिनिटं उलटली होती. बाईंनी स्वतःच गाळून कप जवळपास संपवला होता. चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती.

“कशी आहे?”

“बरी आहे. नर्सला पहिलं विचारलं, ह्यांनी इथे काय काय खोलून ठेवलंय.”

बाईंनी शेवटचा घोट गिळला, पातेलं उचललं आणि इस्त्रीवाल्याला बाजूला सारून बाहेर पडल्या.

जिन्यात ठणठणाट सुरू झाला. “मी हरले!” दारं उघडली. कुणीतरी शिट्टी मारली.

चावीवाल्यानं किटलीतला उरलेला घोट तोंडात घेतला. कडूजहर. डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते बाहीनं पुसून तो कठड्याशी गेला.

“मोठ्यानं, बाई. वर काही ऐकू येत नाही.”

खालून पातेलं आणखी जोरात वाजलं.