बारा ॲलर्जी

बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहरातल्या त्या ऑफिसात एक वाईट चाल पडली होती. ज्याच्यामुळे सॉफ्टवेअरच्या सकाळच्या चाचण्या नापास होऊन पडद्यावर लाल व्हायच्या, त्यानं दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बानित्सा खिलवायची. चीज भरलेली गरमागरम बानित्सा कुणाला नको असते? पण त्यापायी माणसं चुका शोधायचं सोडून लाल रंगालाच भ्यायला लागली होती.

झोर्नित्सा मात्र भीत नसे. इस्पितळांसाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या तिच्याकडे होत्या. रोज सकाळी तिची चाचणी सर्व्हरकडे एका खोट्या रुग्णाच्या ॲलर्जी मागायची. सर्व्हर यादी पाठवायचा आणि चाचणी यादीतल्या नोंदी मोजायची. त्या रुग्णाला तिनं मुद्दाम बारा ॲलर्जी दिल्या होत्या. बारा म्हणजे बाराच. अकरा आल्या तरी लाल.

"अगं, यादी आली ना? मग झालं की," मिलेन चिडवायचा. "बाजारातल्या म्हातारीसारखी टोमॅटो मोजून घेतेस नुसती."

"मोजते म्हणून तर निवांत झोपते," ती म्हणायची.

मिलेन सर्व्हरचं काम बघायचा. शिवाय तो तिचा कूम होता. तिच्या लग्नात पाठीशी उभा राहिला तो, आणि लेकीच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर घेतलं तेही त्यानंच. सख्ख्या भावाशी एक वेळ भांडता येतं, कूमशी नाही.

त्या गुरुवारी चाचणी लाल झाली. सर्व्हर वेगानं चालावा म्हणून मिलेननं एका वेळी दहाच नोंदी पाठवायला सुरुवात केली होती, आणि उरलेल्या मागून घ्यायची सोय इस्पितळातल्या प्रोग्रॅममध्ये कुणी केलीच नव्हती. झोर्नित्सा त्याला हे दाखवत होती, तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला. लेकीला ताप भरला होता.

"तू जा गं," मिलेन म्हणाला. "मी दुरुस्त करतो आणि तुझ्याच मशीनवर चालवून बघतो."

ती कॉम्प्युटर तसाच, स्वतःच्या नावानं उघडा ठेवून पळाली. संध्याकाळी त्याचा निरोप आला, हिरवं झालं, तू पोरीकडे बघ. तिला अगदी भरून आलं. शुक्रवारी ती घरीच राहिली आणि नवी आवृत्ती इस्पितळांत गेली.

मंगळवारी एका इस्पितळातून फोन आला. बऱ्याच ॲलर्जी असलेल्या एका आजींच्या यादीत शेवटची, पेनिसिलिनची, दिसलीच नव्हती. आजींनी स्वतःच आरडाओरडा केला म्हणून इंजेक्शन टळलं.

साहेबीण कापिनोवाबाईंनी दोघांना बोलावलं. "झोर्नित्सा, चाचणीत बारा नोंदी हव्यात असं होतं. गुरुवारी ते काढून 'यादी रिकामी नसावी' एवढंच ठेवलंय. बदल तुझ्या नावावर आहे. का केलास?"

झोर्नित्सानं मिलेनकडे बघितलं. तो कॉफीच्या कपात बघत होता.

"तिची पोरगी आजारी होती, बाई," तो हळूच म्हणाला. "घाईगडबडीत होतं माणसाकडून. सांभाळून घ्या तिला."

नुसता गप्प बसला असता तरी चाललं असतं. पण हा तिच्या वतीनं दयेची भीक मागत होता. तिच्या तोंडून शब्द फुटेना. बाईंनी ती कबुलीच धरली आणि चाचण्या तिच्याकडून काढून घेतल्या.

बाहेर आल्यावर मिलेननं सुस्कारा सोडला. "गप्प बसलीस ते बरं केलंस. तुझं काय, चार बोलणी खाल्लीस. मला तर घरीच बसवलं असतं."

"पण माझंच नाव का, कूम?"

"दुसरा कुणी असता तर उलटला असता माझ्यावर. तू घरची आहेस."

म्हणजे त्यानं घाबरून, सुचेल ते केलेलं नव्हतं. नीट विचार करून त्यानं तिलाच निवडलं होतं. तिची त्याच्यावरची माया किती आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याच भरवशावर त्यानं तिचा गळा कापला होता. झोर्नित्साला एवढं दुखलं की रडूही येईना.

"मी आत जाऊन खरं काय ते सांगणार आहे," ती म्हणाली.

"कोण विश्वास ठेवणार? बदल तुझ्या नावावर आहे."

"नाही ठेवला तर नाही ठेवला. पण जाण्याआधी तुला सांगतेय, घरची आहे म्हणून. तू मला तेवढंही सांगितलं नाहीस."

त्यानं तिचा दंड धरला. तिनं तो सोडवून घेतला आणि बाईंच्या खोलीचं दार ढकललं.