पोटातल्या कडू मुळ्या

मित्रांनो, मी एक जुनी, फुगीर पोटाची बाटली आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊकच नाही! भट्टीत फुंकर खाऊन जन्मले, पोटात व्हिनेगर घेऊन जहाजावर हेलकावे खाल्ले आणि होंडुरासच्या किनाऱ्यावरच्या गारिफुना लोकांच्या वस्तीत क्रिसांता नावाच्या मुलीच्या आईच्या हाती लागले. तिनं डोंगरातून कडू मुळ्या आणि साली खणून आणल्या, माझ्या पोटात ठासल्या, वरून रम ओतली. झाली गिफिती! नाकं मुरडू नका हं. आमच्याकडे सर्दी, गुडघे आणि उदास मन, तिन्हींवर घोटभर गिफितीच देतात.

आमची रीत अशी की पहिली रम फार कडू होते, म्हणून ती ओतून टाकायची. दुसरी मुरवून प्यायची. संपली की रम नवी, मुळ्या मात्र त्याच. वर्षानुवर्षं त्याच! आई वारली, पण तिनं खणलेल्या मुळ्या माझ्या पोटात खुळखुळत राहिल्या. क्रिसांता येताजाता मला हलवायची. तो खुळखुळाट ऐकला की तिचा चेहरा उजळायचा.

शेजारी हॉलंडहून आलेली निवृत्त शिक्षिका हानेके राहायची. समुद्रासाठी आली आणि राहिली, तरी जीव कायम दोन्हीकडे ओढलेला. दर पावसाळ्यात बॅग भरायची, पुन्हा रिकामी करायची.

"या बॅगेवरून मी भरती-ओहोटी ओळखतो, हानेकेबाई!" क्रिसांताचा भाऊ निकानोर जाळं विणता विणता चिडवायचा.

यंदा मात्र ती खरंच निघाली होती. तिकडे हॉलंडात लेकीला मुलगी झाली होती. त्यात छातीत कफ. क्रिसांतानं मला तिच्या हाती दिलं.

"रोज घोट घोट घे. संपली की आणून दे."

संपली. निघायच्या आदल्या दिवशी हानेकेनं मला हाती घेतलं. तिच्या देशात शेजारणीचं भांडं लख्ख करून परत देतात. तिनं तारेनं माझ्या पोटातल्या सगळ्या मुळ्या ओढून काढल्या, लाटेत भिरकावल्या आणि वाळू-लिंबानं मला घासलं. मी अशी चकाकले म्हणून सांगू! पण पोटात काहीच हलेना. ती शांतता मला सोसेना.

क्रिसांतानं मला हलवलं. पुन्हा हलवलं.

"मुळ्या कुठायत?"

"तो गाळ? समुद्रात टाकला. बघ ना, कशी छान..."

"आईनं खणलेल्या होत्या गं त्या." क्रिसांता मटकन खाली बसली.

हानेके धावतच सुटली आणि गुडघाभर पाण्यात दोन्ही हातांनी चाचपू लागली. हाती आलं ते नारळाचं सोडण.

"बाहेर ये, येडे!" क्रिसांता किनाऱ्यावरून ओरडली. "कफ पुन्हा धरेल!"

हानेके ओलीचिंब उभी राहिली. "मी काय करू, सांग."

"आई कुठं खणायची ते मला माहीत आहे. उद्या उजाडताच निघते मी."

"उद्या माझी बस..."

"मग बसमध्ये बस."

हानेकेनं नाक पुसलं. "मुळी ओळखायची कशी?"

"चावून. तोंड वाकडं झालं की तीच."

बस गेली. त्या दोघी डोंगरावर वाकडी तोंडं करत फिरल्या आणि माझं पोट पुन्हा भरलं. पहिली रम हानेकेनंच वाळूत ओतली. दुसरी भरली, तेव्हा क्रिसांता हळूच म्हणाली, "ही मुरेपर्यंत थांबतेस?"

"नात वाट बघतेय गं."

"मग जा. नातीला घेऊनच ये. तोवर बूच काढणार नाही मी."

हानेके पुढच्या बसनं गेली, तेव्हापासून मी खिडकीत आहे. निकानोरनं बुचाला हात लावला की बहीण पळी उगारते. रम मुरते आहे आणि रस्त्यावर बस थांबली की मी खिडकीतून डोकावते. पण उतरतं ते दुसरंच कुणीतरी.

मित्रांनो, घासूनपुसून लख्ख करणं म्हणजेच जपणं असं नसतं. उसनं आणलेलं परत करायच्या आधी एकदा विचारा, "यातलं काय राहू देऊ?" एवढंच विचारा. मी आनंदानं खुळखुळेन!