सत्काराचं ब्लँकेट

"आधी तुम्ही बसताय, का आधी बंड्या?" कडुलिंबाच्या पाण्याचं पातेलं मोरीत आदळत वेणूबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"कुत्र्याच्या मागनं मी आंघोळ करू व्हय?" हिंदुराव पाठ खाजवत म्हणाले.

"मग बसा. पाणी निवतंय."

दिवाळीपासून नवराही खाजवत होता आणि कुत्राही. नवऱ्याच्या अंगावर गांधी उठत, बंड्याच्या मांड्यांवरचे केस गळत. अंबरनाथच्या त्या चाळीत औषध ठाऊक नाही असा माणूस नव्हता. शेजारच्या कौसाबाईंनी कडुलिंब सांगितला, समोरच्यांनी करंजाचं तेल, आणखी कुणी आमसुलाचं पाणी. वेणूबाईंनी सगळं केलं, दोघांनाही केलं, आणि आता त्यांच्या हातची भाकरीसुद्धा कडू लागायची. डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी हिंदुराव दिवसाही घोरू लागले, एवढाच फरक पडला.

"किती वेळा बोलले, ते ब्लँकेट काढा म्हणून."

ब्लँकेटचं नाव निघालं की हिंदुरावांचा चेहरा उतरायचा. दिवाळीच्या तोंडावर ते रिटायर झाले, तेव्हा कंपनीने त्यांना स्टेजवर बोलावून ते खांद्यावर घातलं होतं. जाडजूड, लालभडक, कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याने भरलेलं, 'श्री. हिंदुराव यांस सप्रेम'. रंग जाईल म्हणून ते धुवायचं नाही. रात्री अंगावर तेच, आणि पायथ्याशी त्याच्याच टोकावर बंड्या.

"उभ्या जन्मात एकदाच स्टेजवर बोलावलं मला," ते म्हणाले. "त्याला काय बोलायचं नाय."

मग बिल बंड्याच्या नावावर फाटलं. "कुत्र्याच्या केसानेच होतं हो," कौसाबाईंनी निकाल दिला. बंड्याला कात्रपला वेणूबाईंच्या भावाकडे, किसनकडे, पाठवायचं ठरलं. बाटलीने दूध पाजून वाढवलेला कुत्रा. वेणूबाई रडल्या, मग चिडल्या, मग पुन्हा रडल्या. रिक्षा सुटताना हिंदुराव ब्लँकेट घेऊन धावत आले.

"रातीला रडंल तो. माझा वास असू दे त्याच्यापाशी."

या माणसाला फटकारावं की जवळ घ्यावं, ते वेणूबाईंना कळेना.

पंधरवड्यात गांधी गेल्या. कुत्रा गेला आणि खाज गेली, असं कौसाबाई चाळभर सांगत सुटल्या. हिंदुराव मात्र जेवताना शेवटचा चतकोर हातात धरून दाराकडे बघत बसायचे.

मग किसनचा निरोप आला, "दाजी, बंड्याला बघून जा. पार सोलवटलाय."

दोघंही गेली. बंड्या ब्लँकेटवर पडला होता. त्यांना बघून शेपटी आपटली, उठायला गेला आणि मध्येच बसून खाजवू लागला. पाठीवर केस उरले नव्हते. हिंदुराव एकदा कुत्र्याकडे, एकदा आपल्या स्वच्छ हातांकडे बघत राहिले. 'मी बोललेच होते' हे जिभेवर आलेलं वाक्य वेणूबाईंनी गिळलं.

"किसन, कात्री हाय का रे?"

हिंदुरावांनी खाली बसून नावाचा कोपरा हळूहळू कापून घेतला. "बाकीचं टाकून दे," म्हणाले.

बंड्याला घेऊन दोघं घरी आली आणि वेणूबाईंनी पुन्हा पातेलं चढवलं. आधी बंड्याला आंघोळ घातली, मग उरलेल्या पाण्यात तो तुकडा बुडवला. रंग भसाभसा सुटला. पुन्हा पुन्हा पाणी बदलावं लागलं. पांढरी अक्षरं गुलाबी झाली, पण वाचता येत होती.

हिंदुरावांनी तो तुकडा दोरीवर नाव सरळ दिसेल असा टाकला आणि दोन चिमटे लावले. खाली बंड्या झोपला होता. खाजवत नव्हता.