तोतारामचं पान

पितराच्या पानावर कोणी फारसं बोलत नाही. पण ही शांतता त्या रीतीतली नव्हती. रुपचंदचा हात पानातल्या, खापरावर भाजलेल्या पुरणपोळीवर थांबला होता. बोटं पोळीला टेकली होती आणि पोळी तुटत नव्हती. पितरांच्या नावानं निखाऱ्यांवर टाकलेल्या घासाचा, आगारीचा, तुपकट धूर घरभर फिरून दाराशी घोटाळत होता. पुष्पाबाईंच्या हातातला पंखा हलायचा थांबला. आपलं शेवटचं वाक्य अजून तसंच हवेत लटकलं आहे, असं प्रेमराजला वाटलं.

आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा दिवस. धुळ्याजवळच्या त्या गावात घरोघर पाण्याची घागर पुजली होती, आणि गेलेल्याच्या नावानं एकेक जिवंत माणूस पाटावर बसला होता. तो जेवला की पितर जेवले. तोवर घरात कोणी घास उचलायचा नाही.

पुष्पाबाईंच्या घरी त्यांच्या मुलाच्या, तोतारामच्या पाटावर दरवर्षी रुपचंद बसे. दोघं एकाच दिवशी फौजेत गेले, एकाच बर्फाच्या चौकीवर राहिले. परतला एकटा रुपचंद. आता तो धुळे रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये पहारा करी. डाव्या पायाची बोटं बर्फात गेली होती. चालताना तो जमिनीची परवानगी मागितल्यासारखं पाऊल टाकी. लग्नाकार्यात तो मागच्या पंगतीत बसे. शाळेनं सत्काराला बोलावलं की म्हणे, "ड्यूटी शे." आखाजीला मात्र धुतलेला सदरा घालून तो सकाळीच दारात हजर असे.

"मन्हा तोताराम तुन्हा दुप्पट खाये," पुष्पाबाई दरवर्षी म्हणत. "तू तं पाव्हनासारखा टोचस."

"त्यानंच पोट भरनं पाहिजे ना, माय. मन्हं कसाले?"

दरवर्षी हेच बोलणं, दरवर्षी हेच हसणं. दुःखाला इतकी वर्षं झाली की त्यालाही घरातल्या भांड्यासारखी एक ठरलेली जागा मिळते.

आज पोळ्या उतरेपर्यंत मोहिनीनं विषय काढला. ती तोतारामची धाकटी बहीण, सणाला माहेरी आलेली. प्रेमराज तिचा मावसभाऊ. जळगावच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा.

"दादा, तुम्हनं पुस्तक व्हयनं का?"

"होत आलं. नेपोलियनबरोबर रशियात गेलेल्या फ्रेंच शिपायांच्या आठवणी. लाखांनी गेले, मूठभर परतले."

"सणना दिन मुडदा लई बसनात! दुसरं काही भेटनं नही का भाषांतरले?"

सगळे हसले. तिथंच थांबता आलं असतं. पण हिवाळाभर प्रेमराज त्या वाक्यांबरोबर एकटा राहिला होता. त्यानं त्यांना इतकं घासलं होतं की त्यांच्यातलं रक्त निघून नुसती चकाकी उरली होती. त्यानं सांगितलं, मीठ संपल्यावर घोड्याच्या मांसावर बंदुकीची दारू कशी भुरभुरत. शेकोटीशी निजलेल्यांचे पाय कसे भाजत आणि पाठ गोठे. रुपचंद मान खाली घालून ऐकत होता. फौजी माणूस फौजींचं ऐकतो आहे, या समाधानात प्रेमराजचा आवाज अधिकच रंगला. पान वाढून झालं, तरी तो बोलतच होता.

"एक शिपाई तर आपल्याच गावच्या दोस्ताबरोबर चाललेला. दोस्ताच्यानं पुढं चालवेना. हा त्याला एका झाडाखाली बसवतो, 'आलोच' म्हणतो, त्याची घोंगडी स्वतःच्या अंगावर घेतो आणि निघतो. मागून नावानं हाका येतात. हा वळत नाही. घरी पोचल्यावर दोस्ताच्या आईला सांगतो, तो झोपेतच गेला, त्याला काहीच कळलं नाही." मग थोडं थांबून, वर्गात थांबावं तसं, तो म्हणाला होता, "आणि मावशी, परतलेल्या कित्येकांनी त्या आयांना हेच सांगितलं. शब्दसुद्धा तेच."

हवेत लटकलेलं ते हेच वाक्य.

मोहिनीच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर प्रेमराजला उमगलं. तोतारामची बातमी आली तेव्हा तो पुण्यात शिकत होता. या उंबऱ्यावर बसून रुपचंद काय बोलला, ते त्यानं ऐकलं नव्हतं. इथल्या बाकी सगळ्यांनी ऐकलं होतं.

पुष्पाबाईंनी पंखा खाली ठेवला.

"'झोपमाच गया, माय. त्याले काहीच समजनं नही.' हाईच सांगं व्हतं ना तू माले?"

"मावशी, ती दोनशे वर्षांपूर्वीची, परक्या मुलखातली गोष्ट—"

"तू गप ऱ्हाय, मास्तर." आवाज चढला नव्हता. त्यांनी रुपचंदवरची नजर काढली नाही. "मी राग करसू नही, बेटा. तू जित्ता उना, ते बरंच व्हयनं. मन्हा पोऱ्यानी तुले हाक मारी का? इतलंच सांग. मंग जेव."

एक 'नही' पुरला असता. त्या एका शब्दावर म्हातारीचे उरलेले दिवस सुखानं निघाले असते. प्रेमराज मनोमन त्याची विनवणी करत होता. रुपचंदचे ओठ हललेही. पण त्या पाटावर आज तो तोताराम होता, आणि तोतारामच्या तोंडून खोटं निघेना.

त्यानं हात मागे घेतला. पोळीवर बोटांचे पुसट ठसे राहिले.

"भाऊ, उठू नका," मोहिनी धावली. "पितर उपाशी जाई ना!"

त्यानं हात जोडले. माणसांना नव्हे, पानाला. भिंतीचा आधार घेत तो उठला. पुष्पाबाई वाट अडवत नव्हत्या, फक्त पाहत होत्या. उत्तराची जागा मोकळी ठेवून. तो त्यांच्या शेजारून उंबरा ओलांडून बाहेर पडला.

बाहेर वैशाखाचं पांढरं ऊन होतं. गल्लीत ओट्याओट्यावर जेवून उठलेले पितर चुळा भरत होते, हात पुसत होते, विडा मागत होते. त्यांच्यामधून रुपचंद उपाशी चालत गेला.