सवतीचं नाक

देवकाबाईनं यादोराव सोनाराच्या काचेवर बोट टेकवलं आणि सांगितलं, "नाक नकटं काढा."

यादोरावांनी चष्मा कपाळावर सरकवला. आंधळगावात त्यांनी आजवर पुष्कळ टाक घडवले होते. बिजवराच्या घरी आलेली बाई पहिलीच्या नावाचा, तिचा चेहरा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालते, रोज आधी तिला कुंकू लावते आणि मग स्वतःला. वर गेलेली सवत त्यानं शांत राहते. यात नवल काही नव्हतं. नवल हे, की देवकाबाई ही गोपीचंदची पहिलीच बायको होती, आणि एकुलती एक.

"वहिनी, सवत कोनती?"

"रुपा."

"कधी वारली?"

"नळी काढली त्या दिवशी."

"कोनाची नळी?"

"ह्यांची."

यादोरावांनी चष्मा पुन्हा नाकावर घेतला. त्यानंही काही उलगडलं नाही. त्यांनी चांदीचा पत्रा काढला.

धान कापणीच्या दिवसांत गोपीचंदचा ताप फुफ्फुसात उतरला होता. नागपूरच्या दवाखान्यात आयसीयूत त्याच्या घशात श्वासाची नळी घातली. तो वाचला आणि घरी आला, पण अर्धाच आला. मांड्या काडीसारख्या झालेल्या, आवाज फाटलेला, सकाळी उशीवर केसांचा पुंजका. गल्लीत एखादी पिकअप पीं-पीं करत मागे आली की तो घाईनं आपलं बोट बघायचा, दवाखान्यातल्या मशीनचा चिमटा निघाला तर नाही? हे सगळं देवकाबाईनं पत्करलं होतं. ती त्याला न्हाऊ घालायची, कमरेला धरून ओसरीवर चालवायची. असंच एकदा चालता चालता तो म्हणाला,

"रुपाचा हात थंडा होता."

"कोन रुपा?"

त्यानं शांतपणे सांगितलं. वॉर्ड म्हणजे एक नाव होती. ती वैनगंगेतून कारध्याच्या पुलाखालून चालली होती आणि हिरवं लुगडं नेसलेली रुपा सलाइनच्या दांडीनं ती वल्हवत होती. मधेच दमली की त्याच्या खाटेवर येऊन बसायची. तिनं त्याला झिंग्यांचा रस्सा खाऊ घातला होता.

"नाकातल्या नळीनं पेज चालू होती तुमची," देवकाबाई म्हणाली.

"असंन. पन रस्सा बेस झाला होता."

त्या दिवसापासून घास त्याच्या तोंडात नुसता फिरायला लागला. देवकाबाईनं तळ्यावरून झिंगे आणवले आणि पाट्यावर मसाला वाटून रस्सा केला. दोन घास खाऊन त्यानं थाळी सरकवली.

"तसा नाही लागून राहिला."

देवकाबाईनं उरलेला रस्सा मांजरीला घातला. मांजरीनं तो चाटूनपुसून खाल्ला. ही साक्ष कोणी विचारात घेतली नाही.

तपासणीला गेले तेव्हा डॉक्टर म्हणाले, "आयसीयूतून आलेल्या बऱ्याच जणांना असं होतं. ताप, औषधं, झोप नाही. त्या आठवणी अगदी खऱ्या वाटतात. ताकद यायला वेळ लागेल, चवही येईल हळूहळू. पण खाल्लं पाहिजे. वजन असंच उतरत राहिलं तर परत भरती करावं लागेल."

"आन् थे बाई?"

"ती नव्हतीच, मावशी."

परतीच्या बसमध्ये देवकाबाई यावर विचार करत बसली. असलेल्या बाईच्या झिंज्या धरता येतात. तिच्या दारात जाऊन गाव गोळा करता येतं. आज ना उद्या तिचे दात पडतात. नसलेल्या बाईचं काहीच बिघडत नाही, ती हिरवं लुगडं नेसून तशीच उभी राहते आणि वर तिचा रस्साही बिघडत नाही. शेजारी गोपीचंद खिडकीला डोकं टेकून झोपला होता आणि झोपेत किंचित हसत होता. ते हसू कुणासाठी, हे विचारायची गरज नव्हती. वरठी मागं पडेपर्यंत तिचं ठरलं. नसलेली काय आणि मेलेली काय, सारखंच. मेलेल्या सवतीचा बंदोबस्त कसा करायचा, हे निदान सगळ्यांना माहीत होतं.

टाक घडून आला त्या सकाळी ती न्हाऊन मुद्दाम गोपीचंदच्या खाटेसमोर बसली. काळ्या दोऱ्यात ओवलेल्या टाकाला तिनं कुंकू लावलं, मग स्वतःच्या कपाळाला.

"कोन मेलं वं?" त्यानं विचारलं.

"तुमची रुपा."

त्यानं हात पुढे केला. तिनं टाक त्याच्या तळव्यावर ठेवून खालून आपला हात लावला. 

"नाक असं नव्हतं तिचं."

"नाकही आठवते? परवा पोराचं नाव इसरले होते तुमी."

"तिच्याच तोंडाकडे पाहत राहो मी. तुही खबर थेच तं आने."

"माही?"

"मी पुसो, देवका कुठं हाय? थे म्हने, दाराबाहेर चादर टाकून बसली हाय, आत येऊ नाही देऊन राहिले. एकदा म्हने, वाचमनसंग भांडून राहिली, चप्पल उगारली." त्याला दम लागला. तो थांबला. "मंग मले झोप लागे."

 चप्पल उगारल्याची गोष्ट देवकाबाईनं घरात कोणालाच सांगितली नव्हती. सांगण्यासारखी ती नव्हतीच.

"आन् झिंगे कोठून आनले तिनं?"

"तूच धाडले म्हने. डब्यात."

दुपारी ती थाळी घेऊन आली. भात आणि लाखोरी डाळीचं वरण होतं. त्यानं नेहमीप्रमाणे थाळीकडे पाहून मान फिरवली. देवकाबाई थोडा वेळ थाळी धरून उभी राहिली. मग खाली बसून तिनं घास कालवला आणि भिंतीकडे बघत म्हणाली,

"रुपानं धाडलं हाय."

त्यानं तोंड उघडलं. थाळी रिकामी होईपर्यंत तिनं भिंतीवरची नजर काढली नाही.

ऊन उतरल्यावर ती पुन्हा यादोरावांच्या दुकानात गेली. गळ्यातला टाक काढून काचेवर ठेवला.

"नाक नीट करून द्या."

"कसं करू, वहिनी?"

"सरळ. जरा ऐटीत."

यादोरावांनी हातोडी उचलली. देवकाबाई पायरी उतरली आणि तिथूनच वळून म्हणाली,

"पन माह्याहून बेस नको."