थांबा, कळवतो

आमच्या माणसांना तुम्ही मारलंत. गोळ्या समोरच्यांच्या होत्या, ते मलाही माहीत आहे, मी तिथेच होतो. तरीही सांगतो, तुम्ही मारलंत, वर कचेरीत बसून हुकूम सोडणाऱ्या साहेबांनी. हे मी कुणाच्या कानात कुजबुजत नाही, लिहून सांगतोय. खाली नाव घातलेलं नाही, पण तुम्हाला शोधायला जड जाणार नाही. खाणीच्या कंपनीत टेलिफोन सांभाळणारा मी एकटाच होतो.

एका खाणीतली सगळी माणसं फौजेच्या एकाच कंपनीत भरायची अक्कल कुणाची? तुमचा माणूस भरतीला आला तो थेट खाणीच्या फाटकासमोर टेबल टाकून बसला. म्हणाला, "एकत्र जा, एकत्र राहा, एकत्र परत या." आम्हाला बरं वाटलं. एका बाजूला मेहुणा, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, आणि रोज ज्याच्यासोबत खाली उतरायचं तोच पुढे. परका माणूस मध्ये नको ही आमची खोड तुम्ही बरोबर हेरलीत. त्या खोडीसोबत आणखी काय काय येतं, ते मात्र विचारलं नाहीत.

ते मीच सांगतो. कोळशाच्या खाणीत छत बसून माणूस आत अडकला की तो पाइपावर ठोकतो. हवेचे पाइप खाणीभर फिरलेले असतात. दगड, हातोडी, डबा, हाताला लागेल त्याने ठोकायचं. बाहेरच्याला ऐकू आलं की त्याने उलट ठोकायचं. उलट ठोका म्हणजे 'येतोय'. आणि एकदा उलट ठोकलं की जायचंच. मग आत वायू असो, पाणी असो, नाहीतर घरी बायको बाळंत होत असो. आधी त्याचा जोडीदार जातो. तो अडकला तर त्याच्यामागचा, मग त्याच्यामागचा. 'येत नाही' असं सांगायला आमच्याकडे ठोकाच नाही. कधी कुणाला लागलाच नव्हता.

तर अशी ती माणसं. वर कॅप्टन म्हणून दिलात आमच्या बाजारपेठेतला चष्म्यांचा दुकानदार. माणूस सज्जन, आवाज हळू, दर थोड्या वेळाने स्वतःचा चष्मा पुसायची सवय. नेमबाजीच्या वेळी तो मागे उभा राहून विचारायचा, "आता कसं दिसतंय?" आणि पोरं ओरडायची, "साहेब, खालची ओळ वाचता येत नाही!" तोही हसायचा. त्याच्या हाताखाली हवालदार म्हणून आमचा खाणीतलाच मुकादम. हवालदार त्याला कुणी म्हटलंच नाही. खाली असताना मुकादम होता, खंदकातही मुकादमच राहिला.

आणि भोंगा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवावं लागायचं. आवाज असा की पाळी सुटल्याचा भोंगा बिघडला तर यालाच फाटकावर उभा करतील, असं लोक म्हणायचे. भोंगा मुकादमाचा जावई. कामावर सासऱ्याला मुकादम म्हणायचं आणि घरी मामा, हा त्याचा नेम. उंबऱ्याच्या आत आणि बाहेर असा त्याने तो काटेकोर पाळला होता. मुकादमाला एकच मुलगी. निघताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, याचं तोंड फार चालतं. तुमच्या नजरेसमोर ठेवा." मुकादम म्हणाला, "ठेवतो." त्याच्या बोलण्यात तेवढंच असायचं. पण बोलला की ते झालं असं समजायचं.

त्या दिवशी तुमचा हुकूम आला की समोरच्या वीटभट्टीत कुणी आहे की नाही ते बघून या. कधी? दिवसाढवळ्या. मध्ये उघडं माळरान, आडोसा म्हणून गुडघाभर झुडूप नाही. कॅप्टन फोनवर म्हणाला, "साहेब, अंधार पडू दिला तर..." पलीकडून काय उत्तर आलं ते मी ऐकलं. "तुमचं दुकान नाहीये हे, वेळ ठरवायला." बाजूला कुणीतरी हसलं.

चौघे गेले. भट्टीत माणसं होती. तिघे परत आले. भोंग्याच्या कमरेत गोळी घुसली आणि तो भट्टीच्या अलीकडे रचलेल्या विटांच्या ढिगामागे पडला. तिथून समोरच्यांना तो दिसत नव्हता, पण त्याच्याकडे जाणारा मात्र पूर्ण रस्ताभर दिसत होता.

भट्टीच्या टाकीपासून पाण्याचा एक लोखंडी पाइप माळावरून येऊन आमच्या खंदकाला आडवा गेलेला होता. फुटका, कोरडा. आम्ही त्यावर ओले मोजे वाळत घालायचो. तो पाइप भोंग्याच्या हाताशी होता.

आधी त्याने हाक मारली. "मुकादम! माझी हजेरी मांडून ठेवा, मी जरा आडवा झालोय!" खंदकात दोघं-तिघं हसले. मग हाका थांबल्या आणि ठोके आले. विटेच्या तुकड्याने ठोकत असावा. टण्. टण्. टण्.

कॅप्टनला त्यातलं काही कळलं नाही. तो म्हणाला, "काय करतोय तो?"

मुकादम ओरडला, "कुणी हात लावू नका पाइपाला!"

पण भोंग्याचा जोडीदार पाइपाला टेकूनच बसला होता. जुळ्या म्हणायचो त्याला. त्याचा जुळा भाऊ खाणीतच गेला होता. त्याने जेवणाचा डबा उचलून कधी ठोकलं ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. माश्या उडवतो तसा माणूस ते करतो. टण्. टण्. येतोय.

"काय केलंस रे हे?" मुकादम म्हणाला.

"उत्तर दिलं," जुळ्या म्हणाला, आणि बंदूक खाली ठेवून वर चढला. बंदूक खाली ठेवून. खाणीत अडकलेल्याला काढायला जाताना हात मोकळे लागतात.

तो अर्ध्यात पडला. त्याच्यामागून पहिलवान गेला. पहिलवान म्हणजे काडी होता, म्हणून पहिलवान. तो जुळ्यापर्यंत पोचला, त्याची कॉलर धरली आणि त्याच्यावरच कोसळला. मग पंपावर काम करणारे दोघे मावसभाऊ एकदमच उठले. कॅप्टन ओरडत होता, "थांबा! हुकूम आहे माझा! थांबा!" कोण ऐकतो? पुढचा पडला की मागचा जातो, हे त्यांच्या हाडात होतं. खाणीतलं छत पडतं ते पडतं. दुसरा कधी येतो याची वाट बघत ते डोळा लावून बसत नाही. एवढा फरक समजायला माणसाला थोडा वेळ द्यावा लागतो. तो वेळ तिथे नव्हता.

मावसभाऊही गेले. तेव्हा मुकादम खंदकाच्या कडेला पाठ लावून उभा राहिला, फावडं हातात घेऊन. "आता जो चढेल त्याचे गुडघे मी फोडतो," तो म्हणाला. "जिवंत तरी राहील."

एकजण म्हणाला, "मुकादम, तुमचा जावई आहे तो."

"मला सांगतोस?"

"मग तुम्ही जा. तुम्हाला कोण अडवतंय?"

"मी चढलो तर तुम्ही सगळे चढाल," मुकादम म्हणाला. "बोल, नाही चढणार? घे पोराची शपथ."

त्याने शपथ घेतली नाही. कुणीच घेतली नाही.

मग समोरच्यांनी जे केलं ते लक्ष देऊन वाचा, कारण ते तुमच्या कुठल्याही भाषणात येत नाही. भट्टीच्या धुराड्याजवळून एक काठी वर आली. काठीला पांढरा सदरा. तो थोडा वेळ हलला, मग एक माणूस कमरेपर्यंत उघडा झाला. हातात काही नाही. त्याने विटांच्या ढिगाकडे बोट दाखवलं, मग आमच्याकडे, मग हाताने खूण केली, या, घेऊन जा. त्यांनाही बहुतेक किळस आली असावी. एकामागून एक निःशस्त्र माणूस चालत येतोय आणि आपण टिपतोय, याला काही लढाई म्हणत नाहीत.

कॅप्टन तिथल्या तिथे हो म्हणाला असता. पण आदल्याच आठवड्यात तुमचा हुकूम आला होता की वरची परवानगी नसताना समोरच्यांशी कुठलाही व्यवहार करायचा नाही. खूण नाही, शब्द नाही. करील त्या अधिकाऱ्याला आणि त्याच्या माणसांना भिंतीसमोर उभं करून गोळ्या घालू. शेजारच्या कंपनीत तुम्ही तसं केलंही होतं. म्हणून कॅप्टनने माझ्याकडे बघितलं आणि मी फोनचा दांडा फिरवला.

"खाणीची कंपनी," मी म्हणालो. "कॅप्टनना बोलायचंय. तातडीचं आहे."

कॅप्टनने सगळं सांगितलं. अगदी थोडक्यात, दुकानात चष्म्याचा नंबर सांगावा तसं. जखमी एक, पांढरं निशाण, समोरून परवानगी, आम्हाला तुमची हवी. हो की नाही एवढंच सांगा.

पलीकडचा आवाज म्हणाला, "थांबा, कळवतो."

मागे चमचा बशीवर ठेवल्याचा आवाज आला. फोनला ऐकायचा दुसरा कर्णा होता, तो मी कानावरून काढला नव्हता, म्हणून हे मला माहीत आहे.

आम्ही थांबलो. सदरा काठीवर तसाच होता. भोंगा ठोकत होता. मुकादम पाइपाशी जाऊन बसला आणि दर ठोक्याला उलट ठोका देऊ लागला. येतोय. येतोय. जन्मभरात त्या माणसाने पाइपावर खोटं ठोकलं नव्हतं.

मी पुन्हा दांडा फिरवला. "साहेब बैठकीत आहेत." पुन्हा फिरवला. "अहो, एकदा सांगितलं ना थांबा म्हणून? सारखं सारखं काय?"

भोंगा आता ठोक्यांच्या मध्ये हाक मारत होता. त्याचा आवाज कुणाही साध्या माणसासारखा झाला होता. "मामा," तो म्हणत होता. "मामा, या ना." कामावर असताना त्याने हा शब्द कधी तोंडातून काढला नव्हता. मुकादमाने डोळे मिटले आणि डबा पाइपावर आपटत राहिला.

"साहेब," तो कॅप्टनला म्हणाला, "उत्तर यायला एवढा वेळ का लागतो?"

"येईल," कॅप्टन म्हणाला. "एवढ्या साध्या गोष्टीला नाही कोण म्हणेल?"

"मग हो म्हणायला काय झालंय?"

कॅप्टनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

धुराड्याजवळचा माणूस किती वेळ उघड्यावर उभा राहणार? त्यालाही वरचे साहेब असतीलच. त्याने दोन्ही हात पसरले, आता मी काय करू म्हणतात तसे, आणि खाली गेला. मागोमाग काठीही गेली. त्यानंतर भोंग्याचे ठोके विरळ झाले. मुकादमाने डबा आपटला की बऱ्याच वेळाने एक यायचा. मग मुकादमच ठोकत राहिला आणि तिकडून काही आलं नाही. कुणी त्याला थांब म्हटलं नाही. शेवटी डबा चेपून हातातून सुटला.

उन्हं उतरल्यावर फोन वाजला. आम्ही सगळे एकदम उठलो. कॅप्टनने फोन हिसकावून घेतला.

पलीकडून विचारलं, "कंपनीला बुटांचे जोड किती लागतील? आजच कळवा."

कॅप्टन म्हणाला, "जेवढे पाय उरलेत तेवढे." आणि फोन ठेवला. पुढच्या हल्ल्यात तोही गेला. त्यामुळे त्याला विचारायची सोय उरलेली नाही, हे तुमच्या पथ्यावर पडलं.

लढाई संपली. मुकादम घरी आला. मुलीने त्याला दारातच विचारलं, "नजरेसमोर होता ना?" तो म्हणाला, "होता." ती म्हणाली, "मग?" त्याने सगळं सांगितलं. पाइप, जुळ्या, सदरा, फोन. ऐकून घेऊन ती म्हणाली, "त्या लोकांनी या म्हटलं आणि तुम्ही बसून राहिलात?" त्यानंतर ती बापाशी बोललेली नाही. एकाच घरात राहतात. ती ताट त्याच्यासमोर आणून ठेवते आणि भिंतीकडे बघत आत जाते. मुकादम खाणीत परत गेला नाही. माणसं म्हणतात, खाली उतरायचं तर जोडीदार लागतो, आणि त्याच्यासोबत उतरायला कुणी तयार नाही. हे त्याच्या तोंडावर कुणी बोलत नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मी तिच्याकडे गेलो होतो. म्हटलं, "वहिनी, मी फोनवर होतो. परवानगी मागितली होती. वरून उत्तर आलं नाही."

ती म्हणाली, "सगळे एकमेकांना सांभाळून घेता. एवढा फोन करून कुणी काहीच बोललं नाही, असं होतं का कुठे? उत्तर आलं असेल. या म्हणाले असतील आणि बाबा घाबरले असतील. नाहीतर नको म्हणाले असतील आणि तुम्ही ते लपवताय. काय म्हणाले ते सांगा ना, भाऊजी. मी बाबांशी बोलायला लागेन. किंवा नाही लागणार. पण मला कळेल तरी."

म्हणून तुमच्या कचेरीत आलो. तुमच्या पोरसवदा साहेबाने खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि असा फोन कधी आलाच नव्हता असं सांगितलं. मी म्हटलं, माझ्या या हातांनी दांडा फिरवलाय. तो म्हणाला, "लढाईत माणसाच्या डोक्यावर ताण येतो, असं वाटतं कधी कधी."

मला वेडा ठरवा, माझी हरकत नाही. पण त्या बैठकीत तुमच्यापैकी कुणीतरी बसलेलं होतं. ज्याच्या बशीवर चमचा वाजला तो माणूस जिवंत आहे, आणि त्याच्यापर्यंत आमचा प्रश्न गेला की नाही, हे त्याला माहीत आहे. गेला असेल, तर तो काय म्हणाला? गेला नसेल, तर मध्ये कुणी अडवला? एक बाई रोज बापासमोर ताट ठेवून भिंतीकडे बघतेय. तिला मी काय सांगू? हो होतं की नाही होतं?

आता थांबा म्हणू नका. सांगा.