आखडलेली दोरी

क्लबला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून पुस्तक काढायचं ठरलं आणि ते लिहिण्याचं काम फक्कीकाकांच्या गळ्यात पडलं. त्यात नवल काही नव्हतं. पोस्टात तीस वर्षं कारकुनी केलेला माणूस, अक्षर घोटीव, आणि तरुणपणापासून मैदानावर पांढरी फक्की टाकून रेषा आखण्याचं काम त्यांच्याकडे. त्यावरूनच हे नाव पडलेलं. गिरणीवाले अध्यक्ष पीठ लागलेल्या हातांनी त्यांचा हात धरून म्हणाले, "काका, तुमच्याशिवाय हे कोण करणार?" स्तुती ऐकली की काकांची मान आपोआप डोलते, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती डोलली.

पुस्तकाचा पहिला भाग भराभर झाला. कौलांच्या कारखान्यातल्या अकरा कामगारांनी क्लब काढला. अकरा कसले, नऊच. संख्या भरेना म्हणून मुकादमाला उभं केलं आणि त्याच्या घरी पाहुणा आलेल्या मेहुण्याला जेवणावरून उठवून आणलं. गोलाचे खांब म्हणजे भट्टीमागे पडलेले दोन ओंडके आणि वर बांधलेली दोरी. जर्सी एकाच पातेल्यात रंगवल्या, त्यामुळे पहिल्या पावसात अकराही जणांच्या पाठी निळ्या झाल्या आणि आठवडाभर निळ्याच राहिल्या. हे सगळं काकांनी हौसेनं लिहिलं. मैदानावर होडी चालली ते पुराचं वर्ष लिहिलं. ओळीनं सात सामने हरलेलं वर्षही लिहिलं, कारण आता त्याचंही हसू येत होतं.

चौतिसाव्या वर्षापाशी मात्र पेन अडलं.

त्या वर्षी क्लब जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात पोचला. त्याआधी कधी नाही आणि त्यानंतर आजतागायत नाही. सामनाही आपल्याच मैदानावर. नव्वद मिनिटं संपत आली तरी दोन्हीकडे एकेक गोल, आणि मग आपल्या बचावातल्या एका धसमुसळ्यानं ऐन गोलासमोर समोरच्याला पाडलं. समोरच्या संघाला पेनल्टी मिळाली. गोलात टेलर उभे होते, म्हणजे काकांच्या थोरल्या बहिणीचे यजमान, काकांचे भाऊजी. चेंडू आत गेला, शिट्टी झाली, आणि गावानं घरी जाता जाताच ठरवून टाकलं की चूक गोलकीपरची. धसमुसळ्याला दोन दिवसांत लोक विसरले. टेलरांचं नाव मात्र 'चाळण' पडलं ते पडलंच. आपल्या गावाला टोपणनाव चांगलं जमलं की इतका आनंद होतो, की ते ज्याच्या अंगाला चिकटतं त्याचं काय होतं हे बघायला कोणी थांबत नाही. टेलरांनी पुन्हा मैदानात पाऊल टाकलं नाही. पुढे त्यांच्या मुलाला शाळेत 'चाळणीचा' म्हणून हाक मारायचे. तो शिकला, दूर नोकरीला लागला आणि अजूनही गावाचं नाव काढलं की विषय बदलतो.

काकांना त्या गोलाबद्दल गावापेक्षा एक गोष्ट जास्त माहीत होती.

मैदान आखायचं काम मुळात काकांच्या वडिलांचं. ते गवंडी होते आणि डोळ्यांच्या अंदाजावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मैदानासाठी त्यांनी एक लांब सुती दोरी ठेवली होती, तिला तीन गाठी: पहिली छोट्या चौकोनाची, दुसरी पेनल्टीच्या ठिपक्याची, तिसरी मोठ्या चौकोनाची. गोलाच्या रेषेवर मधोमध खुंटी ठोकायची, दोरी तिला अडकवून ताणायची आणि गाठीखाली फक्कीची मूठ सोडायची. वडिलांचा एकच दंडक होता. दोरी आधी चुलीपाशी वाळवायची, मग मैदानात न्यायची. सुती दोरी ओली झाली की आखडते, हे गवंड्याच्या घरात पोरांना चालायच्या आधी कळतं.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात वडील पाय मोडून घरात पडले होते, म्हणून काम काकांवर आलं. काका तेव्हा बावीस वर्षांचे. दोरी त्यांच्याकडून कुंपणावरच राहिली आणि दोन दिवस पाऊस लागला. सामन्याच्या सकाळी ते उठले उशिरा. दोरी पिळली तर पाणी गळालं. वाळायला दोन तास तरी हवे होते, आणि पाहुण्या संघाची गाडी मैदानाच्या तोंडाशी येऊन उभी. बाकीच्या रेषा जुन्या खुणांवरून काढता आल्या. गोलासमोरचा ठिपका तेवढा चिखलात पार पुसला गेला होता. काकांनी ओली दोरी खुंटीला अडकवली, ताणली आणि दुसऱ्या गाठीखाली मूठ सोडली. "एवढ्यानं काय होतंय," असं ते मोठ्यानं म्हणालेसुद्धा. ऐकायला कोणी नव्हतं.

पुढच्या रविवारी वाळलेल्या दोरीनं मोजलं, तेव्हा गाठ त्या ठिपक्याच्या मागे, गोलापासून लांब पडली. थोडीथोडकी नाही, चांगली अडीच फूट मागे. पेनल्टी त्याच ठिपक्यावरून मारली होती.  काका गुडघ्यांवर बसले, थापीनं जुना ठिपका खरवडला, वर माती दाबली आणि हात धुऊन ताईकडे जेवायला गेले, कारण त्या दिवशी तिनं बोलावलं होतं. वडिलांना सांगितलं नाही, ताईला नाही, पुढे बायकोलाही नाही. त्यानंतरच्या एक्केचाळीस वर्षांत दोरी वाळवल्याशिवाय त्यांनी एकदाही मैदान आखलं नाही. काम करावं तर काकांसारखं, असं लोक म्हणायचे, आणि मान डोलायची.

पुस्तकाची बातमी टेलरांच्या घरी पोचायला वेळ लागला नाही. दुसऱ्याच दिवशी ताई काकांच्या घरी आली, पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "हे म्हणतात, पुस्तकात यांचं नाव नको."

"अगं, सात वर्षं गोलात उभे होते. नाव कसं नको?"

"मला नको विचारूस. आणि तो सगळ्यांचा फोटो आहे ना, अंतिम सामन्याचा, त्यात यांच्यावर काहीतरी चिकटवा म्हणाले."

"फोटोवर? काय चिकटवू?"

"तिकीट चिकटव. पोस्टात होतास ना?" ताई हसली, पण ते हसू अर्ध्यातच संपलं. "तू काही वाद घालू नकोस त्यांच्याशी. आता सत्तरीला आलेत. राहू दे."

ती गेली आणि काकांना बसवेना. क्लबच्या कपाटातून आणलेला तो फोटो टेबलावरच होता. मागच्या रांगेत मधोमध भाऊजी, हातमोजे घातलेले, छाती काढून उभे, एकोणतीस वर्षांचे. कागद सोमवारी छापायला जायचे होते. एकदा छापलं की क्लबचा इतिहास तोच, आणि त्यात भाऊजींच्या जागी एक पांढरा चौकोन. काकांना स्वतःची लाज वाटली, आणि ती पहिल्यांदाच इतकी वाटली की नुसतं गप्प बसून भागेना. दुपारभरात त्यांनी तीन कागद फाडले. चौथा राहिला. तो घडी घालून खिशात ठेवला आणि सकाळी दुकान उघडायच्या वेळी ते टेलरांकडे गेले.

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. दाराशी शिलाई मशीन, मधे कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीवर कागदी नमुने टांगलेले, आणि आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी ताईची खुर्ची. काजं-बटणं तिच्याकडे असायची. टेलर गळ्यात टेप टाकून कोटाच्या बाहीवर खडूनं खुणा करत होते.

"ये. पँट आणलीस का? कंबर वाढलीय तुझी, दिसतंय."

"नाही भाऊजी. पुस्तकाचं बोलायचंय."

"निरोप मिळाला ना?"

"मिळाला. मी दुसरंच सांगायला आलोय."

काकांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगवलं नसतं. वडिलांचा पाय, कुंपणावरची दोरी, पाऊस, गाडी. टेलरांचा खडू चालत होता. "दोरी ओली होती भाऊजी. वाळवलीच नाही मी," या वाक्याला तो थांबला.

"किती?" टेलर म्हणाले.

"काय किती?"

"फरक किती पडला?"

"अडीच फूट. ठिपका तेवढा पुढे आला होता. पुढच्या रविवारी कळलं मला."

टेलरांनी कोट बाजूला सारला. गळ्यातली टेप काढून टेबलावर पसरली, एका टोकाशी खडूची रेघ मारली, तीस इंचांवर दुसरी. मग टेप उचलली आणि त्या दोन रेघांकडे बघत राहिले. त्यांनी उजवा हात मधे आडवा ठेवला, खांदा एका रेघेपाशी, आणि बोटं दुसऱ्या रेघेला टेकली.

"मी समजत होतो मी उशिरा उडालो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "रोज उडतो मी त्या चेंडूवर. कापताना, जेवताना, अंथरुणावर पडलो की. रोज उशीर होतो."

 रडायचा आपल्याला काय अधिकार, असं काकांना वाटलं.

"पुढच्या रविवारी?" हे ताई म्हणाली. ती कधी उंबऱ्यात येऊन उभी राहिली, दोघांना कळलं नव्हतं. हातात कोणाचा तरी शर्ट होता, दोऱ्याला लोंबणारं बटण. "त्या रविवारी तू आमच्याकडे जेवायला होतास. हे अर्ध्या ताटावरून उठून गेले, आणि तू दोनदा वाढून घेतलंस. मी म्हटलं, चला, माझ्या भावाला तरी घास गोड लागतोय."

"ताई—"

"ताई म्हणू नकोस आता थोडा वेळ."

मशीनच्या चाकावरून हात फिरवत टेलर खुर्चीत बसले. "लिहिलंयस का हे? की नुसतं सांगायला आलास?"

काकांनी कागद काढला आणि वाचला. अंतिम सामन्याच्या दिवशी पेनल्टीचा ठिपका चुकीच्या जागी पडला होता. मैदान आखणाऱ्यानं ओली दोरी वापरल्यामुळे तो गोलाच्या अडीच फूट जवळ आला. गोलरक्षकाला तो चेंडू अडवता आला नाही, यात त्याचा काहीही दोष नव्हता.

"शेवटचं वाक्य खोड," टेलर म्हणाले.

"का? तेच तर लिहायला—"

"अडवता आला नाही! तू होतास गोलात?" आता मात्र त्यांचा आवाज फुटला. त्यांनी उजव्या हाताची मधली दोन बोटं वर धरली. "चेंडूला लागली होती ही. दोन्ही. दिशा बदलली त्याची, खांबाला घासून आत गेला. कोणाला दिसलं नाही. गोल झाल्यावर, माझी बोटं लागली होती म्हणून सांगणाऱ्या गोलकीपरचं कोण ऐकतं? आणखी हसले असते. मी हिलासुद्धा नाही सांगितलं."

ताईनं त्यांच्याकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात हे ती आज पहिल्यांदा ऐकत होती.

"दोष होता की नव्हता ते तू ठरवू नकोस," टेलर म्हणाले. "बोटं लागली होती एवढं लिही."

काकांनी कागद टेबलावर ठेवला. दुसरीकडे कापड होतं, म्हणून जागा त्या दोन खडूच्या रेघांमधेच मिळाली. शेवटचं वाक्य खोडून त्यांनी लिहिलं: गोलरक्षकाच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंडूला लागली होती.

"आणि नाव, भाऊजी?"

"लिही. फोटोवर काही चिकटवू नकोस."

काका त्यांचं नाव लिहायला वाकले, तर ताई म्हणाली, "थांब. आधी तुझं. 'मैदान आखणाऱ्यानं' म्हणजे कोणी? त्याला नाव नाही?"

काकांनी ते दोन शब्द खोडले आणि वर आपलं नाव लिहिलं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट. गावानं वाखाणलेलं अक्षर वेडंवाकडं आलं. मग त्याखाली भाऊजींचं नाव लिहिलं, तेही तसंच आलं. टेलरांनी कागद हातात घेऊन चष्म्याखालून एकदा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला, आणि परत दिला.

ताईनं सुई शर्टाला टोचून ठेवली. टेलरांचा उजवा हात आपल्या हातात घेतला, आणि ती दोन बोटं ती अशी बघत राहिली, जणू कालच दुखावली होती. काका घडी खिशात घालून उठले. दाराशी चपला घालायला त्यांनी मुद्दाम वेळ लावला. अठरा वर्षांचे असोत की त्रेसष्ट, ताईच्या दारातून निघताना मागून "ये हं" आलं नाही असं कधी झालं नव्हतं.

पायरी उतरले, रस्ता ओलांडला, तरी ते आलं नाही.